आरएक्स १०० चं क्लच कव्हर आणि धरून बसलेले स्क्रू : एका गाडीची हकीकत

गाडी यामाहा आरएक्स १००, नव्वदच्या दशकातली. मुक्काम चिपळूण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा ही पडवीत उभी होती आणि सीटच्याही वर पाणी गेलं. पूर ओसरल्यावर मालकाने जे सगळेच करतात ते केलं. प्लग काढून पाणी बाहेर काढलं, कार्ब्युरेटर धुतला, गिअर ऑइल दोनदा बदललं, टाकीत नवं पेट्रोल भरलं. गाडी सुरू झाली, चार दिवस फिरली आणि मग पुन्हा पडवीत जाऊन उभी राहिली ती राहिलीच.

काही पावसाळे गेल्यावर मालकाच्या मुलाने ती आमच्या गॅरेजात आणली. तक्रार साधी होती. क्लच दाबून पहिला गिअर टाकला की गाडी उडी मारून बंद पडायची. क्लच प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे उजव्या बाजूचं कव्हर उघडणं आलं. प्लेटांचं काम तासाभराचं. खरं काम होतं ते कव्हरच्या स्क्रूंचं, आणि ही हकीकत त्यांचीच आहे.

आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी हात मारून पाहिला होता. कडेच्या बऱ्याच स्क्रूंची खाच शाबूत होती, पण आत चिखल वाळून दगड झालेला. मागच्या बाजूच्या एका स्क्रूची खाच पूर्ण गोल झालेली. खालच्या एकावर, सायलेन्सरच्या पाइपाजवळ, छिन्नीचे घाव होते. डोकं एका बाजूने फाटलेलं आणि स्क्रू जागचा हललेला नाही. मुलगा म्हणाला, “दादा, तुम्ही ड्रिल मारून टाका ना सगळे. स्क्रू काय, नवे घेऊ.”

स्क्रू नवे मिळतात, बरोबर. पण ही गाडी बनायची बंद झाली १९९६ मध्ये. तिचं चांगलं क्रँककेस, म्हणजे ज्यावर हे कव्हर बसतं ते इंजिनाचं केसिंग, आता शोधावं लागतं, सापडलं तर भाव विक्रेता ठरवतो. स्क्रू गेला तर काही रुपये गेले, केसिंगमधला आटा, म्हणजे ज्या पेचात स्क्रू फिरतो तो, गेला तर इंजिनाची किंमत उतरली. म्हणून प्रत्येक स्क्रूपाशी आम्ही एकच हिशेब करत होतो : आता जे करणार आहोत त्याने बिघडलं तर स्क्रूचं बिघडेल की केसिंगचं? स्क्रूचं बिघडणार असेल तर बेधडक करायचं. केसिंगचं बिघडणार असेल तर आणखी थोडं थांबायचं. सगळ्यांना एकदम ड्रिल मारणं म्हणजे जे स्क्रू गुपचूप निघाले असते त्यांच्याही वाट्याला ड्रिल आणणं.

स्क्रू धरून का बसतो, हे आधी बघू. स्क्रू पोलादाचा, वर जस्ताचा पातळ मुलामा. केसिंग अॅल्युमिनियमचं. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये ओलावा राहिला की त्यातला एक झिजू लागतो. सुरुवातीला जस्त स्वतः झिजून दोघांना सांभाळतं. ते संपलं की अॅल्युमिनियमची पाळी येते, आणि त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. आट्यांच्या फटीत ही भुकटी ठासून बसते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात या गाडीने पुराचा गाळ प्यायलेला. फटीत शिरलेलं पाणी सुकायला वावच मिळाला नसणार.

क्लच कव्हरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी बरेच जण विसरतात. इथले स्क्रू लांब असतात. कव्हरच्या जाड कडेतून आरपार जाऊन मग केसिंगच्या आट्यात शिरतात. म्हणजे स्क्रू तीन ठिकाणी धरलेला असू शकतो : डोक्याखाली, कव्हरच्या भोकात दांड्याभोवती, आणि खाली आट्यात. डोकं उडवलं की फक्त पहिली पकड सुटते. बाकीच्या दोन तशाच राहतात, आणि डोकं उडालेल्या दांड्याला वरून धरायला काहीही उरत नाही.

पहिलं काम निव्वळ सफाईचं होतं. दाभणाच्या टोकाने प्रत्येक खाचेतला गाळ उकरला, ब्रशने पेट्रोल लावून धुतला, हवा मारली. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कुणी करत नाही. पण खाचेच्या तळाशी मिलिमीटरभर माती राहिली तर पेचकस तेवढा वर राहतो, कडांच्या फक्त वरच्या धारेवर टेकतो आणि जोर दिला की उसळून बाहेर येतो. निम्म्या खाचा इथेच खराब होतात.

दुसरी निम्मी खराबी पेचकसाच्या नंबराने होते. आपल्याकडे गॅरेजात, घरात, सगळीकडे स्टारचा पेचकस म्हणजे दोन नंबर. तो चार आणि पाच मिलिमीटरच्या स्क्रूसाठी असतो. इंजिन कव्हरचा स्क्रू एम६, म्हणजे सहा मिलिमीटरचा, त्याच्या खाचेला तीन नंबर लागतो. दोन नंबर त्यात बसल्यासारखा वाटतो, फिरवूनही बघता येतो, पण बोटात धरून हलवला की खुळखुळतो. घट्ट स्क्रूवर तो खाच कापणारच. या गाडीवरची गोल झालेली खाच याच चुकीची, असं मी खात्रीने सांगू शकतो. कडा चारही बाजूंनी सारख्या घासलेल्या होत्या आणि तळ जसाच्या तसा होता.

त्यातही जपानी गाड्यांच्या मूळ स्क्रूंची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स खाचेहून थोडी वेगळी असते. फिलिप्सचा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात मोटार कारखान्यांच्या असेंब्ली लाइनवर आला. जपान्यांनी आपल्या मानकात, ज्याला जेआयएस म्हणतात, खाचेचा आकार स्वतःचा ठेवला. फिलिप्सच्या पेचकसाचं टोक जेआयएस खाचेत तळाला आधी टेकतं आणि पाती कडांना पूर्ण भिडत नाहीत. असे स्क्रू ओळखायची खूण म्हणजे डोक्यावर खाचेच्या शेजारी असलेला एक बारीक ठिपका. या गाडीवर काही डोक्यांवर तो होता, काहींवर नव्हता, म्हणजे मधे कधीतरी बाजारातले स्क्रू लागलेत. जेआयएसचा पेचकस किंवा बिट ऑनलाइन मिळतो. मिळेपर्यंत थांबायचं नसेल तर तीन नंबरच्या चांगल्या फिलिप्स बिटचं टोक ग्राइंडरवर किंचित घासून बोथट करायचं. किंचित म्हणजे खरंच किंचित, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. मग तो तळाला न टेकता कडांवर बसतो.

सफाई झाल्यावर प्रत्येक डोक्याच्या भोवती तेल सोडलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. कुठलं तेल, यावर वाद घालणारे खूप भेटतात. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवायला बनवलं होतं, नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. गंज सोडवण्यासाठी खास बनवलेलं पातळ तेल मिळालं तर उत्तम. आमच्याकडे डिझेल आणि थोडं गिअर ऑइल असं मिश्रण असतं, तेही चालतं. तेलाच्या प्रकारापेक्षा त्याला मिळालेला वेळ जास्त उपयोगी पडतो, आणि त्याहूनही उपयोगी पडतो तो ठोका.

ठोक्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक तिथेच घाबरतात. डोक्याच्या मधोमध सपाट पंच ठेवून मध्यम हातोडीचे खणखणीत चार-सहा ठोके दिले की दोन गोष्टी होतात. डोक्याखालची पकड सुटते आणि आट्यातली भुकटी चिरडते, मग तेलाला आत शिरायला वाट होते. ठोका सरळ, स्क्रूच्या रेषेत बसला पाहिजे. तिरका बसला तर अॅल्युमिनियमच्या कडेवर ताण येतो. गाडी डबल स्टँडवर डुगडुगत असेल तर अर्धा जोर गाडी हलवण्यातच जातो, म्हणून पुढच्या चाकाला आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळे लावून ती पक्की केली. किक, उजवा फूटरेस्ट आणि ब्रेकचा पायडल आधीच काढले होते, सायलेन्सर ढिला करून बाजूला केला होता. या गाडीचा टूटीचा (टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचा) पंप पूर्वीच कुणीतरी काढून टाकलेला, तेल पेट्रोलमध्येच मिसळून चालवायचे, त्यामुळे ती एक कटकट वाचली. पंप असता तर त्याची केबल आणि नळ्या आधी सोडवाव्या लागल्या असत्या.

मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. हवेचा किंवा बॅटरीचा नव्हे, हातोडीने मारायचा जुना ठोकळ्यासारखा. त्यावर हातोडी मारली की तोच फटका बिटला खाचेत खोल दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो. उसळून बाहेर यायला बिटला फुरसतच मिळत नाही. वापरताना मुठीने तो सोडायच्या दिशेला पिळून धरायचा, आतला खेळ संपला की मगच मारायचा. आणि मारण्याआधी दिशा तपासायची. घट्ट करायच्या दिशेला राहिलेला इम्पॅक्ट काय करतो ते सांगायला नको. हलके दहा ठोके मारण्यापेक्षा एक ठाम ठोका बरा. हलक्या ठोक्यांनी खाच झिजते आणि स्क्रू ऐकत नाही.

शाबूत खाचेचे बहुतेक स्क्रू इथेच सुटले. सुटले म्हणजे पाव फेरा मोकळे केले आणि तसेच ठेवले. आधी सगळे पाव फेरा, मग काढणं. एक कडक स्क्रू ठेवून बाकीचे सगळे काढले की कव्हरचा सगळा ताण त्या एकावर येतो आणि तो आणखीच आडमुठा होतो. जे लगेच सुटले नाहीत त्यांना उलट, म्हणजे घट्ट करायच्या दिशेला, केसभर हलवून पाहिलं. एकदा कुठल्याही दिशेला हलला की पकड मोडते.

पुढच्या बाजूचे दोन तरीही हलेनात. त्यांना गरम केलं. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. सहा मिलिमीटरच्या भोकासाठी हिशेब केला तर शंभर अंशांच्या वाढीला फरक येतो साधारण सहा-सात मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सहा-सात हजारांश. आकडा चिमुकला आहे, पण ठासून बसलेल्या भुकटीला तेवढंही पुरतं. गॅसची ज्योत आम्ही वापरली नाही. जवळच क्रँकचं रबरी ऑइल सील असतं, वर पेट्रोलची टाकी. टाकी आणि कार्ब्युरेटर काढून दूर नेले, हॉट एअर गनने स्क्रूच्या भोवतीचं केसिंग तापवलं, स्क्रूचं डोकं नाही. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरून उडाला की थांबायचं. गरम असतानाच डोक्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण फटीत ओढलं जातं. थोडं थंड होऊ दिलं, इम्पॅक्टचा एक ठोका, आणि दोन्ही सुटले. एक तर इतक्या सहज की मुलगा म्हणाला, आधीच का नाही केलं असं? आधी केलं नाही कारण बाकीच्यांना त्याची गरज नव्हती.

आता गोल खाचेचा स्क्रू. इथे लोक ड्रिलकडे धावतात, पण या जुन्या स्क्रूंचं पोलाद मऊ असतं आणि त्याचाच फायदा घेता येतो. गोल तोंडाच्या हातोडीने डोक्यावर ठोकत खाचेच्या कडा आतल्या बाजूला दाबल्या, जवळजवळ खाच मिटवली. मग तीन नंबरचा बिट मधोमध धरून हातोडीने आत ठोकला. बिट आपली नवी खाच स्वतः पाडून बसला. बिटच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली होती, तिच्यातल्या कणांमुळे पकड आणखी वाढते. पेस्ट नसेल तर बारीक वाळू आणि ग्रीस. ठोकताना जे हादरे बसले त्यांनी आट्याचंही काम केलं असावं, कारण इम्पॅक्टने तो फारसे आढेवेढे न घेता निघाला.

राहिला फाटक्या डोक्याचा. त्यात नवी खाच पाडायला धातूच उरला नव्हता. हॅकसॉने आडवी खाच पाडावी म्हटलं तर कव्हरची कड आड येत होती. डोक्याच्या कडेवर छिन्नी तिरकी ठेवून ते डावीकडे फिरवायचा उपाय आधीच्या माणसाने करून बघितलेलाच होता, त्याचेच ते घाव. नट ठेवून आतून वेल्ड करायचा मार्ग चांगला असतो. वेल्डची उष्णताच अर्धा स्क्रू सोडवते. पण इथे डोकं एका बाजूला झुकलेलं, नट सपाट बसेना. म्हणून डोकं उडवायचं ठरलं.

फाटकं असलं तरी खाचेचा मध्य शिल्लक होता, त्यामुळे ड्रिल भरकटलं नाही. आधी तीनचं, मग पाचचं, मग साडेसहाचं. खोली डोक्याच्या जाडीइतकीच. शेवटच्या ड्रिलने डोकं सुटून बिटवर गरगर फिरू लागतं, तिथे थांबायचं. कव्हरला खरवड आली नाही.

अपेक्षेप्रमाणे कव्हर तरीही हललं नाही. दांड्याने आणि दोन डॉवेल पिनांनी (कव्हर नेमकं जागेवर बसावं म्हणून असलेल्या छोट्या नळ्यांनी) ते धरलं होतं. इथे पॅकिंगच्या फटीत पेचकस घालायचा मोह होतो. एकदा घातला की तिथून आयुष्यभर तेल पाझरतं. आम्ही नायलॉनच्या हातोडीने कव्हरच्या जाड भागांवर, किकच्या शाफ्टभोवती आणि कोपऱ्यांवर, सगळ्या बाजूंनी आडवे ठोके दिले, पुन्हा गरम केलं, पुन्हा ठोके. शेवटी केसभर फट दिसली आणि मग हाताने डुलवत डुलवत कव्हर बाहेर आलं. केसिंगमधून दांडा बोटभर वर उभा होता. त्याच्या भोवती पांढरी भुकटी आणि तांबडा गंज.

आता कव्हरचा ताण नाही, दांडा मोकळा दिसतोय, वाइस ग्रिपने (दाबून घट्ट बसणाऱ्या पकडीने) धरला की फिरेल असं कुणालाही वाटेल. बहुतेक वेळा फिरतोही. हा मात्र पॅकिंगच्या रेषेवर गंजून बारीक झाला होता. गरम करून, तेल सोडून, मागेपुढे केसभर हलवत आणला तरी तो तिथेच तुटला, केसिंगच्या बरोबरीने.

मुलाने इझी आउट आणायची तयारी दाखवली. तुटलेल्या स्क्रूत भोक पाडून त्यात उलटा पिळायचा हा निमुळता खिळा. मी नको म्हटलं. एम६ च्या पोटात मावणारा इझी आउट पेन्सिलच्या टोकाएवढा असतो आणि अतिशय कडक पोलादाचा. जो दांडा वाइस ग्रिपला दाद देत नाही, तो याला देईल अशी आशा कमी. उलट हा आत पाचर मारतो, दांडा फुगतो आणि आट्यात आणखी घट्ट होतो. इझी आउट आत तुटला तर त्याला ड्रिल लागत नाही. मग काम गॅरेजचं राहत नाही.

उरला मार्ग दांड्याच्या बरोबर मध्यातून ड्रिल करून त्याला आतून पोकळ करण्याचा. यात सगळं काही मध्य सापडण्यावर आहे. पोलाद कडक, अॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिल थोडं सरकलं की ते मऊ बाजूला पळतं आणि आटा खातं. हाताने सेंटर पंच मारून हे साधणं नशिबाचं काम. पण केसिंगच्या त्या भोकाचा नेमका मध्य कुठे आहे हे सांगणारी एक वस्तू आमच्याकडे होती : कव्हर. डॉवेल पिना साफ करून कव्हर परत जागेवर बसवलं, शेजारचे दोन स्क्रू हलके आवळले. ओळखीच्या टर्नरकडून लेथवर एक छोटा बुश, म्हणजे जाड नळी, करून घेतला. बाहेरचं माप कव्हरच्या भोकात सरकून बसेल असं, आतून तीन मिलिमीटरचं भोक. बुश कव्हरच्या भोकात टाकला की ड्रिल आपोआप मध्यावर आणि सरळ जातं. असा बुश एकदा केला की डब्यात ठेवायचा, पुन्हा लागतो.

ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळली. भोक बंद तळाचं, त्याच्या पलीकडे जायचं नाही. तीनचं भोक झाल्यावर कव्हर काढलं, क्लचच्या बाजूला कापड कोंबलं, बिटला ग्रीस लावून ४.२ आणि मग ५ मिलिमीटरचं ड्रिल सावकाश मारलं. पाच का, तर एम६ च्या आट्यांमधलं मूळ भोक पाचचंच असतं. तिथपर्यंत पोचलं की जुन्या स्क्रूचे आटे स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखे भोकात उरतात. दाभणाने पहिलं वेटोळं सुटं केलं आणि पकडीने ओढून काढलं. बाकी एम६ गुणिले एकच्या टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ केलं, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. आटा मूळचाच निघाला. हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्याच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं, बसवायची तयारी ठेवली होती, ती लागली नाही. मध्य चुकला असता तर तोच पर्याय होता, आणि तोही वाईट नाही, मूळ आट्यापेक्षा मजबूत असतो.

क्लचबद्दल थोडक्यात. लोखंडी प्लेटा गंजलेल्या, फ्रिक्शन प्लेटा त्यांना चिकटून सोलल्या गेल्या. दोन्ही संच नवे घातले, तळाचा गाळ पुसून काढला.

परत बसवताना मुलाला चकचकीत एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले, हवे होते. आरएक्ससाठी असे तयार संच सहज मिळतात आणि दिसतातही छान. ॲलनची खाच स्टारसारखी गोल होत नाही, हा फायदा खरा. पण स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम ही जोडी ओलाव्यात जस्ताच्या मुलाम्यापेक्षा वाईट. स्टेनलेस स्वतः झिजत नाही, झिजतं ते केसिंग. पुण्यात एखाद्या वेळी चालून जाईल, चिपळुणात मी घालणार नाही. आम्ही ८.८ ग्रेडचे झिंक केलेले ॲलन बोल्ट घातले. दुसरा धोका असा की ॲलन कीने हवा तेवढा जोर लावता येतो. स्टारचा पेचकस उसळून बाहेर येतो तेव्हा तो आट्याला वाचवतही असतो. ॲलनला तो ब्रेक नाही. एम६ ला अॅल्युमिनियममध्ये ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, आणि आट्याला अँटी-सीझ पेस्ट (बोल्ट पुन्हा धरून बसू नये म्हणून लावतात ती) लावली असेल तर खालचा आकडाच धरायचा. टॉर्क पाना नसेल तर ॲलन कीचा आखूड हात धरून आवळायचा, लांब नाही.

काढलेले स्क्रू आम्ही एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी टोचून ठेवले होते. ते नसतं तर इथे घोटाळा झाला असता, कारण लांबी एकसारखी नसते. लांबच्या जागी आखूड गेला तर दोन-तीन आट्यांवरच सगळा जोर येतो आणि ते उपटले जातात. आखूडच्या जागी लांब गेला तर तळाला टेकतो, कव्हर घट्ट होत नाही, आणि माणूस आणखी आवळत बसतो. प्रत्येक भोकात टॅप फिरवून हवा मारली. बंद तळाच्या भोकात तेल साचलेलं असेल तर तेही काढायचं, नाहीतर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन केसिंगला तडा जाऊ शकतो. आट्यांना अँटी-सीझ पेस्टचं बोट लावलं, नवं पॅकिंग टाकलं, मधून कडेकडे तिरके तिरके करत आवळलं, तेल भरलं.

डाव्या बाजूचं मॅग्नेटो कव्हर उघडायची गरज नव्हती. पण त्याचेही स्क्रू त्याच पाण्यात बुडालेले होते, आणि ज्या दिवशी मॅग्नेटोचं काम निघेल त्या दिवशी ते रस्त्याच्या कडेला सुटणार नाहीत. म्हणून कव्हर जागेवरच ठेवून एकेक स्क्रू काढला, भोक साफ केलं, पेस्ट लावून नवा बसवला, मग पुढचा. पॅकिंग जुनंच राहिलं. त्यातला एक गरम करावा लागला, बाकीचे इम्पॅक्टच्या पहिल्या ठोक्याला आले.